मास्तरांची नासकी फळी

गौरी-गणपती आटोपून गावाकडची माणसं मुंबईला परतू लागली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काचेच्या नळ्या धूत उभा होतो, तेवढ्यात दारात आमच्या कापडे गावचा सखाराम दिसला. सखाराम गिरणीत साच्यावर काम करतो. गावाहून आला की आईनं दिलेलं गाठोडं तो माझ्या खोलीवर टाकून जातो. कॉलेजच्या पायऱ्या चढायला त्याला संकोच वाटतो. त्या दिवशी मात्र तो थेट आत आला. काखेत गाठोडं, हातात टोपी. "म्हादू," तो म्हणाला, "तुजं लेले मास्तर गेलं रे. गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिशी." हातातली नळी मी खाली ठेवली. आजारी होते का, म्हणून विचारलं. "नाय रे. जेवलं, पडवीत बसलं, बाईला बोललं पानी दे. बाई पानी घेऊन आली तं..." सखारामनं हातातली टोपी डोक्यावर चढवली आणि परत काढली. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "सगळी बाजारपेठ बंद होती. फुल बंद. मी सोता बघितली." एवढं बोलून तो गाठोडं टेबलावर ठेवून निघून गेला, आणि मी उरलेल्या नळ्या धुतल्या.

लेले मास्तरांचं नाव महाडबाहेर कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, सभा गाजवल्या नाहीत. महाडच्या इंग्रजी शाळेत ते शास्त्र शिकवीत, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावरही घराच्या पडवीत नळ्या-कुप्या मांडून बसत. मुंबईला जाऊन पुढे शिकायची त्यांना फार इच्छा होती, पण बी.ए.ची परीक्षा झाली त्याच वर्षी वडील गेले आणि ते महाडला परत आले ते कायमचे. याचं दुःख त्यांनी आम्हा मुलांपुढे कधी केलं नाही. उलट कुणी मुंबईला शिकायला निघाला की त्याला निरोप द्यायला स्वतः दासगावच्या धक्क्यापर्यंत येत, आणि बोटीत चढताना बजावत, "तिथं काय दिसलं ते येऊन सांगायचं. मला इथून दिसत नाही."

मी कापड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या भावकीत माझ्या आधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. पोलादपूरची मराठी शाळा संपवून मी महाडला आलो तेव्हा मला इंग्रजी तर राहोच, शहरातल्या मुलांचं मराठीसुद्धा नीट कळत नसे. शास्त्राच्या तासाला मी मागच्या बाकावर अंग चोरून बसायचो. पहिल्याच पावसाळ्यात मास्तरांनी एक तास घेतला, तो मला अजून जसाच्या तसा आठवतो. सावित्रीला पूर आला होता. लाल मातीनं दाट झालेलं पाणी त्यांनी घागर भरून आणवलं, प्रत्येकाच्या पुढे एकेक पेला ठेवला आणि तुरटीची चिमूट दिली. दुसऱ्या दिवशी आम्ही येऊन पाहतो तर माती तळाला बसलेली आणि वर पाणी नितळ. नाते गावच्या एका मुलानं मात्र लवकर निवळावं म्हणून मूठभर तुरटी कुटून घातली होती. त्याचा पेला गढूळच्या गढूळ! सगळा वर्ग हसला. "मूठभर घातली तर मूठभर अक्कल येते असं वाटलं काय रे याला," कुणीतरी म्हणालं. मास्तरांनी हात वर केला. "हसू नका. तुमचे पेले ओतून टाका, त्यांत बघण्यासारखं काही नाही. याचा पेला मी घरी नेणार."

आणि खरंच नेला. त्यांची ती रीतच होती. प्रयोग जमला की नळी धुऊन टाकायची. बिघडला की ती नळी पंच्यात गुंडाळून घरी न्यायची आणि पडवीतल्या एका लांब फळीवर ठेवायची. त्या फळीला आम्ही मुलं 'नासकी फळी' म्हणायचो. मास्तरांना ते नाव माहीत होतं आणि आवडतही होतं. "बिघडलेलं आधी बघायचं, मग टाकायचं," ते म्हणत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आतून ऐकत असल्या तर म्हणत, "बघून झाल्यावर टाकलेलं मात्र मी अजून पाहिलं नाही. झुरळांना आयती वसाहत!" मी त्या पडवीत अभ्यासाला जाऊ लागलो. काकू मला पाणी वेगळ्या पेल्यातून देत. तेव्हाची रीतच ती होती आणि मला तिचं काही वाटतही नसे. पुढे पुढे वेगळा पेला कोणता, ते त्याच विसरल्या.

मास्तरांच्याच आग्रहानं मी मुंबईला गेलो, बी.एस्सी. झालो आणि एम.एस्सी.साठी संशोधन करू लागलो. विषय होता सोन्याच्या पाण्याचा. वाचकांना नवल वाटेल, पण सोन्याचा क्षार पाण्यात उकळून त्यात योग्य ते औषध घातलं की सोन्याचे अतिशय बारीक कण तयार होतात. इतके बारीक, की ते तळाला बसतच नाहीत. महिनोन् महिने पाण्यात उभे राहतात. त्या पाण्याचा रंग पिवळा नसतो, कोकमाच्या आगळासारखा लाल असतो. शास्त्रात अशा मिश्रणांना कोलॉइड म्हणतात. दूध, शाई, पुरातलं सावित्रीचं पाणी ही त्याच जातीची. या कणांवर सगळ्यांवर एकाच प्रकारची वीज असते, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि उभे राहतात. आता या लाल पाण्यात एखादा कापडाचा रंग घातला, म्हणजे आपल्या कॉपिंग पेन्सिलीत असतो तो जांभळा रंग समजा, तर तो रंग जाऊन सोन्याच्या कणांना चिकटतो. रंगावरची वीज उलट जातीची. कणावरची वीज मारली जाते, कण एकमेकांना बिलगतात, लाल पाणी निळं पडतं आणि सोनं काळसर होऊन तळाला जातं. किती रंग घातला की सोनं नासतं, ते मोजायचं हे माझं काम होतं.

सुट्टीत एकदा हे सगळं मी मास्तरांना सांगितलं, तेव्हा कणांचा आणि विजेचा भाग त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या कापड्याची भावकी झाली की रे! एकाच जातीचे, म्हणून एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. भांडण चालू आहे तोवर सगळे आपापल्या जागी ताठ. बाहेरचा कुणी येऊन भांडण मिटवतो, आणि मग सगळे गळ्यात गळा घालून बुडतात." आतून काकूंचा आवाज आला, "चांगलं शिकवा हो पोराला. भांडा म्हणावं." पण मास्तर हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "असं काही मला इथून कधी दिसलं नसतं."

ते काम मात्र माझ्याकडून होईना. तेच सोनं, तोच रंग, तेच माप. आज घातला की सोनं नासायचं, उद्या तेवढाच घातला की ढिम्म हलायचं नाही. कधी दुप्पट रंगानंही नासायचं नाही. माझ्या आकड्यांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. आमचे प्रोफेसर चांगले गृहस्थ होते, त्यांनी वर्षभर कळ काढली. पण मे महिन्याच्या सुट्टीआधी त्यांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं की असे आकडे विद्यापीठापुढे ठेवता येणार नाहीत. सुट्टीनंतर येताना कारण शोधून आण, नाहीतर संशोधन सोड. नेमकी त्याच सुमारास एका गिरणीच्या रंगखात्यात मला नोकरी मिळत होती. वडील थकले होते. नोकरी घेतली असती तर घरात कुणाला वाईट वाटलं नसतं... मास्तर सोडून. मी मनातून नोकरी घ्यायचं ठरवलंच होतं. फक्त मास्तरांना ते तोंडानं सांगायचं, आणि रिकाम्या हातानं सांगू नये म्हणून लाल सोन्याची एक कुपी त्यांना द्यायची, एवढं ठरवून मी निघालो. एक मोठी कुपी भरून घेतली, एक लहान, आणि सोनं कसं नासतं ते त्यांना दाखवायला थोडं रंगाचं पाणी. मोठी मास्तरांसाठी.

आधी घरी कापड्याला गेलो. संध्याकाळी वडिलांनी कुपी बघून विचारलं, "ह्ये काय? आगळ?" मी म्हणालो, "नाही बाबा, सोनं आहे." वडील म्हणाले, "पातळ? मुंबईत आता सोन्यात पण पानी घालाय लागलं काय?" आईनं मात्र थट्टा केली नाही. तिनं पदर नीट केला आणि कुपीकडे बघत राहिली. आमच्या घरात सोनं म्हणजे तिच्या गळ्यातले मणी, तेवढंच. सकाळी मी नदीवर अंघोळीला गेलो आणि परत येऊन बघतो तर कुपी देवापुढे ठेवलेली, बूच बाजूला काढलेलं आणि आतलं लाल पाणी पिकल्या जांभळासारखं झालेलं. माझ्या डोळ्यांदेखत ते आणखी काळवंडत गेलं. "आये, यात काय टाकलंस?"

"काय नाय रे. हळद-कुंकू वाहलं. घरात सोनं आलं तं देवाला दाखवाय नको? बूच लावून देवाला कसं दिसंल?"

माझं तोंड बघून तिला कळलं. "नासलं काय रे?" मी मान डोलावली. तिनं बाजूचं बूच उचलून कुपीला परत लावलं. "दूध नासतं," ती म्हणाली, "सोनं पन नासतं?" वडिलांनी तिची समजूत घालायला म्हटलं, "जाऊ दे गो. तेच्या कॉलेजात रोज नासतं, तोच बोलला रात्री." पण तिचं समाधान झालं नाही. मी महाडला जायला निघालो तेव्हा तिनं मला कातळसड्यावरच्या वाटेपर्यंत सोबत केली आणि सारखी विचारत राहिली, मास्तर रागावतील का, आणि आपलं नाव सांगणार का.

महाडला मी मास्तरांच्या पडवीत पोचलो तेव्हा दुपार होती. उन्हानं दगड तापलेले, रस्त्यावर माणूस नाही. मास्तर उघड्या अंगानं पंख्यानं वारा घेत बसले होते. मी नासलेली कुपी त्यांच्या हातात दिली. माझ्या प्रवासाची, घरची काहीही चौकशी न करता ते उठले, कुपी घेऊन खिडकीशी गेले आणि उजेडात धरून फिरवून फिरवून बघू लागले. वर जवळजवळ स्वच्छ पाणी, तळाला निळसर काळा थर. "वा! हे कुणी केलं?"

"आईनं. हळद-कुंकू वाहिलं."

"बाईंना माझा नमस्कार सांग," ते म्हणाले, आणि ते थट्टा करीत नव्हते. मग आत हाक मारली, "अहो, तुमचा कुंकवाचा करंडा द्या जरा."

"कशाला?" काकू दारात आल्या. "पुरुषांनी करंडा मागायचं कारण काय?"

"याच्या आईनं सोन्याला कुंकू लावलं आणि सोनं लाजून तळाला जाऊन बसलं. बघू या कुंकवात काय आहे ते."

काकूंनी करंडा आणून दिला. "परत जागच्या जागी आला पाहिजे हो. तुमच्या त्या फळीवर जायचा नाही." मास्तरांनी टिपकागदावर कुंकवाची चिमूट ठेवून वर पाण्याचा थेंब सोडला. पाणी कागदात पसरत गेलं आणि कुंकवाच्या पुढे पळत एक गुलाबी कड उमटली. "ही हळद नव्हे," मास्तर म्हणाले. "हळदीचं कुंकू करताना तुरटी घालतात, तीही सोन्याला नासवतेच. पण ही कड म्हणजे बाजारचा रंग. काकूंचं कुंकू आणि तुझ्या आईचं कुंकू एकाच पेठेतलं असणार. तू वर्षभर ज्याच्या मागे लागला आहेस ते तुझ्या आईनं एका चिमटीत करून दाखवलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू? तुझं का होत नाही?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. आकडे जुळत नाहीत हे सांगितलं, प्रोफेसर काय म्हणाले ते सांगितलं, आणि गिरणीतल्या नोकरीचंही सांगितलं. मास्तरांचा हात पंख्यावर तसाच राहिला. ते मला रागावतील अशी माझी समजूत होती. रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "नोकरी वाईट नाही. पण कारण न बघता टाकायचं नाही. आणखी सोनं आहे तुझ्याजवळ? रंग आहे? मग तिथं जसं करतोस तसं माझ्यापुढे कर. काही सुधारून करू नको."

मी लहान कुपीतलं सोनं आणि रंगाचं पाणी मोजून घेतलं आणि कामाला लागलो. मास्तर समोर बसून माझ्या आकड्यांकडे नव्हे, हातांकडे बघत होते. दोन-तीन नळ्या झाल्यावर त्यांनी मला थांबवलं. "आत्ता तू सोनं उचलून रंगात ओतलंस. मघाशी रंग उचलून सोन्यात ओतला होतास. का?" मी असं करतो हेच मला माहीत नव्हतं. जरा विचार केल्यावर लक्षात आलं. रंग तेवढाच, पण तो कधी थोड्या पाण्यात विरघळवलेला असे, कधी जास्त; थोड्या पाण्यातला रंग मी सोन्यात ओतत होतो, आणि रंगाचं पाणी जास्त असेल तेव्हा सोनं रंगात. "थोडं असेल ते जास्त असलेल्यात ओतायचं," मी म्हणालो. "म्हणजे सांडत नाही."

"हे प्रोफेसरांनी शिकवलं?"

"नाही. आईनं." आमच्या घरी पेज असो, ताक असो, लहान भांड्यातलं मोठ्यात. उलट केलं तर आई पळी उगारायची. हाताला ते लहानपणापासून इतकं बसलं होतं की प्रयोगशाळेतही हात तसाच चालत होता. तो कुणालाच दिसला नव्हता. प्रोफेसर शहरातले, त्यांनी माझी मापं तपासली, तराजू तपासला, पण ओतताना कोण कशात ओततो इकडे कोण बघणार!

मास्तर सरसावून बसले. त्यांनी मला दोन नळ्या सारख्या मापानं करायला लावल्या. सोनं तेवढंच, रंगही तेवढाच आणि भरपूर. एकीत रंग थेंब थेंब सोन्यात सोडायचा, दुसरीत सोनं एकदम रंगात ओतायचं. दोन्ही नळ्या वरून जांभळ्याच दिसत होत्या, कारण रंगच जांभळा. "रंगावर जाऊ नको," मास्तर म्हणाले, "तळाकडे बघ. पण आज नको. आज जेवून झोप." सकाळी मी उठायच्या आधीच त्यांनी बघून घेतलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं; पण ते मला खिडकीशी घेऊन गेले आणि नळ्यांकडे बोट केलं. रंग थेंब थेंब सोडलेल्या नळीच्या तळाला काळा थर बसला होता. दुसरीचा तळ कोरा. सोनं तसंच उभं होतं.

त्या सकाळी मास्तर पडवीत येरझाऱ्या घालत बोलत होते ते मला आजही ऐकू येतं. "अरे, रंग थोडा थोडा आला तर तो कणावरची वीज मारतो आणि कण बिलगतात. एकदा बिलगले की मग कितीही रंग घाल, सुटत नाहीत. पण सोनं एकदम रंगाच्या गर्दीत पडलं तर? कणाला बिलगायला सवडच नाही. अंगभर रंग बसतो, मूळची वीज जाऊन उलटी वीज येते, आणि पुन्हा सगळे एकमेकांना ढकलायला लागतात. नवं भांडण! म्हणून उभे. त्या नात्याच्या पोराचा पेला आठवतो? मूठभर तुरटीचा? तो अजून तिथं आहे बघ." मी फळीकडे पाहिलं. पेला होता. पाणी केव्हाच आटून गेलं होतं आणि काचेवर लाल पुटं होती, पण पेला होता. इतक्या वर्षांत मास्तर तो विसरले नव्हते. कोण जाणे... कदाचित त्या पेल्याचंच उत्तर ते इतकी वर्षं शोधत असतील.

मी मुंबईला परत गेलो आणि रंग कशात ओतायचा, किती वेगानं ओतायचा हे ठरवून घेऊन सगळे प्रयोग पहिल्यापासून केले. आकडे जुळले. ओतण्याच्या रीतीनं फरक पडतो हेही मी प्रबंधात एका प्रकरणात लिहिलं. प्रोफेसर म्हणाले, हे तुला सुचलं कसं? मी महाडच्या मास्तरांचं नाव सांगितलं. पुढे समजलं की परदेशात असलं काही इतरांच्याही नजरेस आलेलं होतं. त्याचं मला वाईट वाटलं नाही, आणि मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांना तर आनंदच झाला. "म्हणजे आपल्याला दिसलं ते खरं होतं," ते म्हणाले. गिरणीतली नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. मला पदवी मिळाली आणि पुढे कॉलेजात जागा. सुट्टीत मी मास्तरांकडे जात राहिलो. जाताना दर वेळी आई तांदूळ, नाचणीचे पापड, कधी कडवे वाल बांधून देई. पण स्वतः कधी आली नाही. मी तिला शंभरदा सांगितलं की तिच्या हातून वाईट झालं नाही, चांगलंच झालं. ती मान हलवायची आणि म्हणायची, "तू मला बरं वाटावं म्हणून बोलतोस. कुंकू लावून सोनं नासवलं मी. असं कुनाच्या हातनं झालंय काय?" हा सल तिच्या मनातून गेला नाही. दिवाळीत गळ्यातले मणी घासताना ती दर वर्षी पुन्हा तेच काढी.

मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा मला लगेच रजा मिळाली नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरी पोचलो. आई माझी वाटच बघत होती. "उद्या मला ने," ती म्हणाली. "त्या बायला भेटून येते." कापड्याहून चालत पोलादपूर, तिथून मोटारीनं महाड. मोटारीत ती पहिल्यांदाच बसली आणि सगळा रस्ता पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरून होती. महाडात घरोघर झेंडूची तोरणं लागलेली, लोहार-सुतारांच्या हत्यारांवर फुलं. मास्तरांच्या दाराला तोरण नव्हतं. काकू पडवीतच होत्या. कपाळ मोकळं होतं. आई त्यांच्यापुढे खाली बसली, आणि दोघी जणी रडल्या. त्या आधी कधी भेटल्या नव्हत्या, पण तसं वाटलं नाही.

मी फळीकडे बघत होतो. नळ्या, कुप्या, नात्याच्या मुलाचा पेला, आणि मधोमध माझी ती मोठी कुपी. बुचावर लाख लावून मास्तरांनी ती बंद केली होती. पाणी थोडं उतरलं होतं, तळाला काळा थर तसाच. आईची नजर माझ्या मागोमाग गेली आणि तिनं कुपी ओळखली. "ही... अजून हाय?" ती एवढंच म्हणाली.

काकूंनी डोळे पुसले. "आहे म्हणजे काय! दर खंडेनवमीला आधी तराजूची पूजा व्हायची आणि मग हिची. ते स्वतः गंध-फूल वाहायचे, आणि कुंकू मला लावायला सांगायचे. पडवीत कुणी आलं की आधी हीच काढून दाखवायचे. म्हणायचे, ही कापड्याच्या बाईंची. यातूनच मला सापडलं." आई माझ्याकडे बघू लागली. इतकी वर्षं मी सांगत होतो तेच काकू सांगत होत्या, पण माझ्या तोंडून तिला ते कधी पटलं नव्हतं. "यंदा आमच्याकडे काही करायचं नाही," काकू म्हणाल्या. "पण हिला चुकवू नये असं सकाळपासून वाटतंय." त्या उठल्या, आत गेल्या आणि करंडा घेऊन आल्या. तोच करंडा. त्यांनी तो आईच्या हातात ठेवला. "तुम्ही लावा. यातलंच लावा. ह्यांनी तपासून घेतलेलं आहे."

आईनं करंड्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "परत नासलं तं?"

"आता आणखी काय नासायचं राहिलंय," काकू म्हणाल्या. "लावा. बाहेरून."

आईनं कुपी दोन्ही हातांनी उतरवून घेतली, काचेवर हळद लावली, कुंकू लावलं, तोरणातून गळून पडलेलं शेजारच्यांच्या दारचं एक झेंडूचं फूल मी आणून दिलं ते वाहिलं. आमच्या बायकांची रीत अशी की देवाला कुंकू लावलं की समोर असेल त्या बाईलाही लावायचं. आईची बोटं सवयीनं काकूंच्या कपाळाकडे वळली आणि मध्येच थांबली... काकूंनी ती कुंकवाची बोटं आपल्या मुठीत धरली आणि सोडली नाहीत. थोड्या वेळानं आईनं दुसऱ्या हातानं कुपी खिडकीच्या उजेडात धरली, मास्तर धरायचे तशीच, आणि तळाकडे बघत मला विचारलं, "ह्ये काळं हाय खाली, ते काय रे?"

"सोनंच आहे," मी म्हणालो. "सगळं आहे. जरासुद्धा गेलेलं नाही."

"सगळं?"

"सगळं."

तिनं कुपी पुन्हा फळीवर ठेवली. मधोमध, जिथं होती तिथंच.